वजन घटतें, तेव्हां शक्ति कोठें जाते?

अंगावरचा भार वाढला आहे, तो कमी केला पाहिजे, असा निश्चय सुशिक्षित घरांतून आज वरचेवर होतो. त्याला मुहूर्त बहुधा सोमवारचा किंवा महिन्याच्या पहिल्या तारखेचा असतो. भात बंद होतो, चार पोळ्यांच्या दोन होतात, रात्रींचें जेवण दुधाच्या एका पेल्यावर येतें, आणि पहांटे फिरावयास जाण्याचा क्रम सुरू होतो. पहिल्या पंधरवड्यांत वजनाचा कांटा दोन-तीन किलोग्रॅम खालीं येतो. घरांत कौतुक होतें, शेजारींपाजारीं विचारपूस होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत मात्र चित्र पालटतें. सकाळीं उठवत नाहीं. एक जिना चढला कीं बसावेंसें वाटतें. दुपारीं डोळे मिटूं लागतात, वाचलेलें ध्यानांत राहात नाहीं, आणि एरवीं ज्या गोष्टी हंसण्यावारीं गेल्या असत्या त्यांवरून तोंडून तिखट शब्द निघतो.

अशा वेळीं दोन निकाल दिले जातात. पहिला घरच्या मंडळींचा : "खाणें तेवढें कमी झालें आहे, कष्ट थोडेच वाढले आहेत? हा आळस आहे, दुसरें कांहीं नाहीं." दुसरा निकाल ज्याचा त्यानें स्वतःविषयीं दिलेला असतो : "माझाच निग्रह कमी पडतो." पहिला निकाल टोंचतो, दुसरा त्याहून घातक, कारण तो मनांत घर करून बसतो. त्याच्या भरांत माणूस आणखी एक पोळी कमी करितो, आणखी अर्धा तास चालतो, आणि अखेर एके दिवशीं सारा नियम मोडून पूर्वीपेक्षां अधिक खाऊं लागतो. गेलेलें वजन परत येतें आणि वर अपराधाची भावना तेवढी शिल्लक राहते.

हे दोन्ही निकाल चुकीचे आहेत. वजन कमी करितांना येणारा थकवा हा स्वभावाचा दोष नव्हे. तो बहुतेक वेळां शरीरानें मांडलेला हिशेब असतो, आणि कांहीं वेळां एखाद्या दडलेल्या विकाराची सूचना असते. हा हिशेब वाचतां आला तर वजनहि उतरवितां येतें आणि रोजचें कामहि हंसतमुखानें करितां येतें.

हिशेब म्हटला कीं जमाखर्च आलाच. अन्नांतील शक्ति मोजण्याचें माप म्हणजे उष्मांक. व्यवहारांत त्याला कॅलरी म्हणतात. अमेरिकेंतील मिडलटाउन या गांवीं विल्बर अ‍ॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एक बंदिस्त खोली तयार केली. तींत माणूस दिवसचे दिवस राहूं शके, आणि त्याच्या अंगांतून बाहेर पडणारी उष्णता बाहेर मोजली जाई. खाल्लेल्या अन्नाची शक्ति आणि शरीरानें खर्चिलेली शक्ति यांचा ताळा तेथें जमला. एक ग्रॅम पिष्ट पदार्थांत किंवा प्रथिनांत सुमारें ४ उष्मांक आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांत सुमारें ९, हीं आज सर्वत्र वापरलीं जाणारीं मापें त्याच्याच कामांतून रूढ झालीं.

या जमाखर्चांतील एक कलम बहुतेकांच्या नजरेंतून सुटतें. खर्च म्हटला कीं चालणें, धांवणें, जिना चढणें, केर काढणें एवढेंच डोळ्यांपुढें येतें. वस्तुतः बैठें काम करणाऱ्या माणसाच्या शक्तीपैकीं सुमारें दोनतृतीयांश भाग हातपाय न हलवितां खर्च होतो. हृदयाचे ठोके, श्वास, मेंदूचें काम, मूत्रपिंडांची गाळणी, अंगाची ऊब, झिजलेल्या पेशींची भर, हें सारें झोपेंतहि चालूच असतें. सुमारें दशांश भाग अन्न पचविण्यांत जातो. उरलेल्या भागांत सारी हालचाल येते. आणि तींतहि ठरवून केलेला व्यायाम थोडा, नकळत होणारी हालचाल फार असते. बोलतांना हात हलविणें, उठून खिडकी लावणें, फोनवर बोलत येरझारा घालणें, मुलाच्या मागें दोन पावलें धांवणें, या किरकोळ खर्चाची बेरीज दिवसाच्या शेवटीं मोठी भरते.

आतां एखाद्या घराचें उत्पन्न एकाएकीं निम्म्यावर आलें तर काय होतें, हें पाहावें. घरधनी प्रथम नाटक-सिनेमा बंद करितो. मग पाहुणेराउळे कमी होतात. नंतर दिवे लवकर मालवले जातात, भिंतींचा रंग लांबणीवर पडतो, गळकें छप्पर पुढच्या वर्षावर ढकललें जातें. धान्य आणि मुलांचें औषध मात्र तो शेवटपर्यंत तोडीत नाहीं. शरीर नेमकें असेंच वागतें. अन्न एकाएकीं फार कमी झालें कीं तें प्रथम नकळत होणारी हालचाल आंखडतें. माणूस बसला तिथें बसून राहतो. मग अंगाची ऊब कमी होते, हातपाय गार पडतात. नाडी संथ होते. केस, नखें, त्वचा यांची डागडुजी मागें पडते. स्त्रियांच्या बाबतींत मासिक पाळीहि अनियमित होऊं शकते. मेंदु आणि हृदय यांचा शिधा मात्र शरीर जिवापाड सांभाळतें. ही काटकसर चालू असतां माणसाला आंतून जें जाणवतें, त्याचेंच नांव थकवा.

येथें एक शंका सहज येते. ज्याच्या अंगावर वीस किलोग्रॅम चरबी जादा आहे, त्याच्या कोठारांत दीड लाख उष्मांक सांठले आहेत. एवढें कोठार भरलेलें असतां टंचाई कसली? शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर तीन भागांत द्यावें लागतें.

पहिला भाग असा. चरबी हें दूरचें कोठार आहे. हाताशीं असलेली कणगी निराळीच असते. यकृतांत सुमारें १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारें ४०० ग्रॅम ग्लायकोजेन नांवाचा पिष्टमय सांठा असतो, आणि चटकन् लागणारी शक्ति यांतून मिळते. मेंदूला दिवसाकांठीं सुमारें १२० ग्रॅम ग्लुकोज लागतें, आणि चरबीपासून ग्लुकोज फारच थोडें बनतें. भात, पोळी, भाकरी एकदम तोडली कीं ही कणगी एक-दोन दिवसांत तळाला जाते. शरीर चरबीपासून बनलेल्या इंधनावर मेंदु चालविण्यास शिकतें, पण त्या संक्रमणास कांहीं दिवस लागतात; आणि त्या दिवसांत डोकें दुखणें, जडपणा, चिडचिड हीं लक्षणें दिसतात. शिवाय प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारें तीन ग्रॅम पाणी बांधलेलें असतें. कणगी रिती होते तेव्हां हें पाणी आणि त्याच्यासमवेत कांहीं मीठहि लघवीवाटें निघून जातें. पहिल्या आठवड्यांत कौतुक होतें तें पुष्कळसें या पाण्याचें, चरबीचें नव्हे. चटकन् उभें राहिलें असतां डोळ्यांपुढें अंधारी येते तिचेंहि एक कारण हेंच.

उत्तराचा दुसरा भाग प्रथिनांचा. चरबीचें कोठार आहे, पिष्टाची कणगी आहे. प्रथिनांचें मात्र निराळें कोठार शरीरांत नाहीं. आहारांत डाळी, दूध, अंडीं, मासळी कमी पडली आणि एकंदर अन्नहि फार घटलें, म्हणजे शरीर स्नायूंनाच हात घालतें. वजनाचा कांटा खालीं जातो, पण जें गेलें त्यांत जिना चढविणारा स्नायूहि असतो.

तिसरा भाग अलीकडच्या काळांत उलगडला. १९९४ सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या एका संप्रेरकाचा शोध लावला. कृश या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला लेप्टिन असें नांव मिळालें. लेप्टिन म्हणजे कोठारावरचा पहारेकरी होय. कोठारांत किती माल आहे, याची वर्दी तो मेंदूला देतो. परंतु खाणें एकाएकीं तोडलें कीं कोठार भरलेलें असतांहि रक्तांतील लेप्टिन थोड्याच दिवसांत झपाट्यानें उतरतें. मेंदूला वर्दी पोंचते ती अशी कीं, दुष्काळ आला. मग भूक वाढविण्याचे व खर्च कमी करण्याचे हुकूम सुटतात. कंठग्रंथीच्या संप्रेरकाचें कार्यकारी रूपहि रक्तांत कमी होतें. दुष्काळ खरा आहे कीं घरधन्यानें आरोग्यासाठीं ओढवून घेतलेला आहे, हा भेद ओळखण्याचें साधन शरीरापाशीं नाहीं.

ही काटकसर किती खोलवर जाऊं शकते, याचा सर्वांत पद्धतशीर पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिळाला. युरोपांत लक्षावधि माणसें उपासमारींत सांपडलीं होतीं, आणि त्यांना पुन्हां कसें उभें करावें हें कोणालाच नीट ठाऊक नव्हतें. १९४४ सालच्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अ‍ॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञानें एक प्रयोग आरंभिला. युद्धांत शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीनें नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वखुशीनें त्यांत आले. विद्यापीठाच्या फुटबॉलच्या क्रीडांगणाखालीं असलेल्या खोल्यांत प्रयोगशाळा होती. पहिले १२ आठवडे त्यांना पोटभर, म्हणजे दिवसाला ३,२०० च्या आगेमागें उष्मांकांचें अन्न मिळालें. पुढचे २४ आठवडे तें सरासरी सुमारें १,५७० उष्मांकांवर आणलें गेलें. जेवण दिवसांतून दोनदां. त्यांत बटाटे, सलगमासारखे कंद, पाव, मॅकरोनी असा युद्धग्रस्त युरोपांतल्यासारखा शिधा. त्याबरोबर आठवड्यास सुमारें ३५ किलोमीटर चालणें सक्तीचें होतें.

चोवीस आठवड्यांत त्यांचें वजन सरासरी शेंकडा २४ घटलें. पण वजनापेक्षां बोलकें आहे तें बाकीचें. स्वस्थ पडलेल्या शरीराचा खर्च शेंकडा ४० च्या आसपास उतरला. नाडी अतिशय संथ झाली. ऐन जुलैच्या उन्हाळ्यांत ते अंगावर जादा पांघरुणें घेऊं लागले. जिना नको, बोलणें नको, विनोद नको, अशी त्यांची स्थिति झाली. पूर्वीं हौसेनें चर्चा करणारे तरुण एकलकोंडे बनले. एक विषय मात्र त्यांना कधीं कंटाळवाणा झाला नाहीं, तो अन्नाचा. त्यांच्यांतील कांहीं जण तर पाकशास्त्राचीं पुस्तकें जमवूं लागले. आपलें लक्ष लागत नाहीं, बुद्धि मंदावली, असें ते सांगत. पण बुद्धिमापनाच्या परीक्षा घेतल्या तेव्हां त्यांत तशी घट आढळली नाहीं. बुद्धि शाबूत होती. ती वापरण्याची उमेद तेवढी गेली होती.

हे तरुण आळशी नव्हते. आपल्या मतासाठीं समाजाचा रोष पत्करणारे आणि परक्या देशांतील उपाशी माणसांसाठीं स्वतःची भूक देऊं करणारे ते लोक होते. त्यांच्याइतका निग्रह ज्याच्यापाशीं आहे असा माणूस सांपडणें कठीण. तरीहि त्यांना जिना नकोसा झाला. थकव्याचा आणि निग्रहाचा कांहीं संबंध नाहीं, याचा याहून स्पष्ट दाखला दुसरा कोणता असूं शकेल? १९५० सालीं या प्रयोगाचा सविस्तर वृत्तांत दोन खंडांत प्रसिद्ध झाला, आणि उपासमारीवरील ग्रंथांत त्याचें स्थान आजहि मोठें आहे.

या प्रयोगाचा अर्थ लावतांना तारतम्य हवें. ते तरुण मुळांतच सडपातळ होते. स्थूल माणसाच्या अंगीं सांठा असतो, आणि योग्य रीतीनें वजन कमी केलें तर त्याची अशी दैना होत नाहीं. उलट गुडघे, रक्तदाब, मधुमेह यांना त्यापासून आराम पडतो व पुष्कळांना पूर्वीपेक्षां हलकें आणि उत्साही वाटूं लागतें. परंतु एक तुलना विसरूं नये. ज्या शिध्याला कीज यांनीं अर्धी उपासमार म्हटलें तो १,५७० उष्मांकांचा होता. आणि आज हातोहात फिरणारे कित्येक आहारतक्ते १,२०० चे, १,००० चे, कधीं त्याहूनहि कमी असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या तक्त्यांप्रमाणें ५५ किलोग्रॅम वजनाच्या, बैठें काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची गरज १,६६० आणि ६५ किलोग्रॅम वजनाच्या तशाच पुरुषाची २,११० उष्मांक आहे. ज्या पुरुषानें कोणाच्या देखरेखीवांचून हजार उष्मांकांचा तक्ता भिंतीवर लावला, त्यानें निम्म्याहून अधिक पगार एका दिवसांत कापला आहे. मग घरांतले दिवे मंदावले तर दोष कोणाचा?

वजन उतरल्यावरहि काटकसर लगेच संपत नाहीं. १९९५ सालीं रॉकफेलर विद्यापीठांतीलच लायबेल, रोझेनबॉम व हर्श यांनीं दाखवून दिलें कीं, वजन शेंकडा १० उतरवून तें तेथेंच टिकविणाऱ्या माणसाचा रोजचा खर्च, नुसत्या घटलेल्या देहाच्या मानानें जेवढा कमी व्हावा त्याहूनहि बराच कमी होतो. दोन माणसें सारख्याच वजनाचीं असलीं, पण त्यांतील एक मूळचेंच तेवढें आणि दुसरें उतरून तेवढें झालेलें असलें, तर दुसऱ्याला तेवढ्याच अन्नावर तोल राखणें जड जातें. "अमक्याला सारें खाऊन चालतें, मलाच कां नाहीं?" हा प्रश्न म्हणून रडगाणें ठरत नाहीं.

तथापि सारा थकवा काटकसरीच्या माथीं मारणेंहि धोक्याचें आहे. भारतीय घरांत याच्या जोडीला आणखी एक कारण फार आढळतें, तें म्हणजे रक्तांतील लोहाची उणीव. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींना रक्तक्षय असल्याचें दिसून आलें; महाराष्ट्रांतहि हें प्रमाण निम्म्याहून अधिक होतें. अशा स्त्रीनें जेवण निम्म्यावर आणलें कीं आधींच अपुरें असलेलें लोह निम्म्यावर येतें. शरीराला प्राणवायु पोंचविणारें रक्तच फिकें पडलें असतां तिला धाप लागणें, छातींत धडधडणें स्वाभाविक आहे. शाकाहारी माणसांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हीहि अशीच गुपचुप पोखरणारी गोष्ट आहे. कंठग्रंथि मंद असेल तर वजन वाढतें आणि थकवाहि येतो. म्हणून ज्याला आहार बदलण्यापूर्वींपासूनच गळून गेल्यासारखें होत होतें, त्यानें ती तपासून घ्यावी. रात्रीं मोठ्यानें घोरणाऱ्या स्थूल माणसाचा श्वास झोपेंत पुनःपुन्हां अडत असेल, तर त्याला दिवसा येणारी पेंग जेवणाची नसून मोडलेल्या झोपेची असते.

औषधें घेणाऱ्यांनीं तर विशेष जपावें. मधुमेहासाठीं इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या चालू असतां खाणें तोडलें, तर रक्तांतील साखर धोक्याच्या पातळीखालीं जाऊं शकते. घाम, थरथर, गोंधळ हीं तिचीं चिन्हें होत. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसहि वजन उतरल्यावर जास्त होऊन चक्कर येऊं शकते. भूक मंदावणारीं सेमाग्लुटाइडसारखीं नवीं औषधें अलीकडे वापरांत आलीं आहेत. त्यांनीं भुकेचा आवाज बंद होतो, पण शरीराची गरज बंद होत नाहीं. त्यामुळें तीं घेणाऱ्या माणसाच्या पोटांत नकळत फारच थोडें जाऊं शकतें. हीं औषधें वैद्यकीय देखरेखीखालींच घ्यावयाचीं असतात, तें याहि कारणासाठीं. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं आणि वाढत्या वयाच्या मुलांनीं तर स्वतःच्या मनानें असे प्रयोग मुळींच करूं नयेत. शुद्ध हरपणें, छातींत दुखणें, विश्रांतींतहि धाप लागणें, पाळी बंद होणें, किंवा तीन-चार आठवडे पुरेसें खाऊनहि थकवा न हटणें, यांपैकीं कांहींहि झालें तर विलंब न लावितां डॉक्टरांकडे जावें.

मग वजन उतरवावें तरी कसें? उत्तर घरधन्याच्या शहाणपणांतच आहे : पगार एकदम निम्मा करूं नये, उधळपट्टी तेवढी थांबवावी. दिवसाला तीनशें ते पांचशें उष्मांकांची कपात बहुतेकांस सोसते. ती कोठून करावी, याचा हिशेब उद्बोधक आहे. दोन कप चहांत मिळून चार लहान चमचे साखर असेल तर तिचे सुमारें ८० उष्मांक होतात. फोडणीचें तेल दोन लहान चमचे कमी केलें तर ९० वाचतात. संध्याकाळीं वाचतां वाचतां तोंडांत टाकलेलें मूठभर फरसाण किंवा शेव दोनशेंच्या घरांत जाते. म्हणजे एकाहि पोळीला हात न लावितां साडेतीनशेंच्या वर कपात झाली. या वेगानें महिन्याला एक-दीड किलोग्रॅम उतरतें. शेजारणीला सांगण्यासारखा हा आकडा नव्हे, पण वर्षाच्या अखेरीस टिकून राहतो तो बहुधा हाच.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. राष्ट्रीय पोषण संस्थेनें सर्वसाधारण माणसासाठीं शरीराच्या दर किलोग्रॅममागें ०.८३ ग्रॅम प्रथिनें हें मान सांगितलें आहे. वजन उतरवीत असतां, मूत्रपिंडें निरोगी असल्यास, याहून थोडीं अधिकच घ्यावींत. दूधपोहे आणि चहाबिस्किटें यांवर दिवस काढणाऱ्याला तीं मिळत नाहींत. घट्ट वरण, मटकीची उसळ, पिठलें, दहीं, अंडें, मासळी यांपैकीं कांहींतरी प्रत्येक जेवणांत असावें. उपासाच्या दिवशीं साबूदाण्याची खिचडी खाऊन वजन उतरेल ही समजूतहि सोडावी. साबूदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. उपास श्रद्धेनें करावा. त्याच्यावर वजन उतरविण्याचें ओझें लादूं नये. लोहासाठीं पालेभाज्या व कडधान्यें हवींतच. त्यांवर लिंबू पिळलें तर लोह अधिक अंगीं लागतें, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. तो तासभर मागें सारणें फुकट साधतें.

तिसरी गोष्ट स्नायूंची. नुसतें चालणें चांगलें. पण आठवड्यांतून दोन-तीनदां उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणें असा स्नायूंना ताण देणारा व्यायाम जोडला, तर शरीर स्नायु राखतें आणि चरबीकडे वळतें. खाणें कमी आणि व्यायाम एकदम दुप्पट, असें मात्र करूं नये. ती दोन्ही बाजूंनीं पेटलेली वात आहे. झोप सात तासांच्या खालीं जाऊं देऊं नये, कारण अपुऱ्या झोपेनें भूक वाढते आणि संयम सुटतो. पाणी पोटभर प्यावें. दोन-तीन महिन्यांनीं, वजन कांहींसें उतरलें कीं, पंधरा-वीस दिवस कपात थांबवून तें आहे तेथेंच राखावें. पुढच्या प्रवासाला दम तेथेंच मिळतो.

शेवटची गोष्ट शास्त्राच्या पुस्तकांत कमी आणि घरांत अधिक सांपडणारी आहे. अजूनहि अनेक घरांत गृहिणी सर्वांच्या मागून जेवते. वजन कमी करण्याचा निश्चय तिनें केला असला, तर सर्वांना गरम पोळ्या वाढून झाल्यावर तिच्या ताटांत उरलेली अर्धी पोळी आणि भाजीचा रस्सा येतो. आणि "नाहींतरी मला कमीच खायचें आहे" असें म्हणून ती तेवढ्यावर उठते. पहांटेपासून रात्रींपर्यंत तिच्या कामांत मात्र एका भांड्याचीहि कपात झालेली नसते. अशा स्त्रीनें दुपारीं पांच मिनिटें पाठ टेकली तर तिला आळशी म्हणण्यापूर्वीं तिच्या ताटांत काय पडलें होतें, हें एकदां पाहावें. तिनें सर्वांबरोबर पानावर बसावें, उसळीची वाटी तिच्यापुढें भरलेली असावी, आणि पोळ्या करण्याची पाळी आठवड्यांतून कांहीं दिवस दुसऱ्या कोणीं घ्यावी. वजनाच्या कांट्याकडे रोज पाहणाऱ्या घरानें तिच्या चेहऱ्याकडेहि रोज पाहावें.

थकलेला माणूस जेव्हां "मला शक्ति नाहीं" असें म्हणतो, तेव्हां तो सबब सांगत नसतो. तो जमाखर्चाची वही वाचून दाखवीत असतो. ती ऐकून घेऊन कपात थोडी सैल केली, वाटींत उसळ वाढली, रक्त एकदां तपासून घेतलें, तर बहुतेक वेळां कांहीं आठवड्यांत तोच माणूस न सांगतां जिना चढूं लागतो. वजन उतरविणें हें कित्येक महिन्यांचें काम आहे. ज्याला तें तडीस न्यावयाचें आहे, त्यानें चालण्याइतकी शक्ति अंगांत ठेवूनच निघालें पाहिजे.